त्या कोयोटच्या मागे कोण होतं

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही.

अमेरिकेत, वायोमिंगमध्ये, डोंगराच्या पायथ्याशी, इरियार कुटुंबाचं मेंढ्यांचं रान आहे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावर दोन खुंट्यांवर मी आडवी असते. खाली लसूण आणि घेवड्याच्या रश्शाचा वास दरवळत असतो. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. माझ्या नळीत आतून गोल गोल उतरणाऱ्या खाचा आहेत. त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. पण कुठली गोळी कशी जाईल, आणि जाऊन काय करील, हे माझ्या हातात नसतं. जो काडतूस भरतो त्याच्या हातात असतं. माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

आधी म्हाताऱ्या इरियारने मला वापरलं, मग त्याच्या मुलीने, तेरेसने. तेरेस चांगली बाई. कोकरांच्या दिवसांत कोयोट येतात; कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून किरकोळ, आणि दोघांहून धूर्त. त्यांच्यासाठी काडतुसं घ्यायला ती गावातल्या दुकानात गेली की खोक्यामागून खोकं उघडायला लावायची.

दुकानदार म्हणायचा, "तेरेस, नवरा निवडतानासुद्धा एवढा वेळ लावला नव्हतास."

"तो चुकला असता तर परत पाठवता आला असता," ती म्हणायची. "गोळी परत येत नाही."

तिला हवी असायची हलकी, पातळ आवरणाची, टोकाला मऊ गोळी. अशी गोळी कोयोटच्या अंगात शिरली की तिथेच फुटते. जनावर जागच्या जागी पडतं. जखमी होऊन झुडपांत कण्हत मरत नाही. आणि गोळी सहसा पलीकडे निघत नाही. पलीकडे लोकर असते, मित्रांनो. गाभण मेंढ्या असतात. तरीही, मागे मेंढ्या दिसल्या तर तेरेस बार काढायचीच नाही. नवं खोकं आणलं की आधी गवताच्या भाऱ्यावर मला टेकवून पुठ्ठ्यावर नेम पाहायची, दुर्बीण जुळवायची, आणि मगच मला रानात न्यायची. परत आल्यावर तेलाच्या फडक्याने पुसताना माझ्याशी बोलायचीही. मी सुखात होते.

आणि बेल्त्झा होता. इरियारांच्या मूळ मुलखातल्या बास्क भाषेत बेल्त्झा म्हणजे काळा. हा कुत्रा दुधासारखा पांढरा. नाव ठेवलं म्हाताऱ्याने, मरण्याआधीचा त्याचा शेवटचा विनोद. पिल्लू असतानाच तेरेसने त्याला कोकरांत सोडलं. कोकरं त्याच्या पोटाशी झोपली, हा त्यांच्या. मोठा झाला तरी आपण मेंढीच आहोत, फक्त जरा तापट, अशी त्याची समजूत. तो राखणीला लागल्यापासून कळपाला धक्का लागला नाही.

मग एका हिवाळ्यात तेरेस बर्फावर घसरली आणि तिचा हात प्लास्टरमध्ये गेला. मदतीला तिचा धाकटा भाऊ पेयो आला.

पेयोच्या ट्रकमध्ये कॉफीचा एक रिकामा डबा असतो. त्या भागात अनेकांच्या ट्रकमध्ये असतो. शिकारीनंतर ज्याच्या खिशात जे काडतूस उरलं, ते त्यात टाकायचं. कुणाचं, कशासाठी घेतलेलं, काही विचारायचं नाही. पुढच्या वेळी हात घालायचा आणि नळीत बसेल ते भरायचं.

मला घेऊन पेयो रानात निघाला, तेव्हा तेरेस म्हणाली, "माझं खोकं फडताळात आहे. त्यातलीच घे."

"गोळी ती गोळी, तेरेस. नळीत बसली की झालं."

"माझ्या बुटातही तुझा पाय बसेल. चालून दाखव डोंगरापर्यंत."

पेयो हसला. फडताळाकडे गेलाच नाही. त्याला कोयोटची कातडी विकायची होती, आणि तेरेसच्या गोळीने कधी कधी कातडी फाटते. म्हणून डब्यातून त्याने टणक गोळ्या निवडल्या, टोकापर्यंत तांब्याने मढवलेल्या. त्या सुईसारख्या आरपार जातात. कातडीला जेमतेम टिकलीएवढं भोक. मेंढ्यांच्या रानात असली गोळी, मित्रांनो! माझ्या तोंडात ती कोंबली तेव्हा मला थुंकता आलं असतं तर मी थुंकले असते.

सकाळ होती. पेयो झुडपाआड बसला आणि त्याने शिट्टी फुंकली, जखमी सशासारखी किंचाळणारी. कोयोट त्या आवाजाला भुलतो. आला. पण त्या आवाजाने बेल्त्झाचेही कान टवकारले. कळपाजवळून कोयोट पळतोय म्हटल्यावर तो राखणदार गप्प बसेल? तो त्याच्या मागावर निघाला. पांढऱ्या बर्फात पांढरा कुत्रा. पेयोने दुर्बिणीतून पाहिली फक्त कातडी.

बार झाला. गोळी कोयोटच्या बरगडीतून शिरली, पलीकडून निघाली, आणि बेल्त्झाच्या खांद्यात घुसली.

एक खरं सांगते. पेयोने तो धिप्पाड कुत्रा खांद्यावर घेतला आणि बर्फातून धावत आणला. पण दारात येऊन तो काय बोलला?

"रायफल म्हातारी झालीय, तेरेस. नळी झिजली हिची. गोळी भलतीकडेच गेली."

तेरेस फरशीवर बसली होती, कुत्र्याचं डोकं मांडीवर. तिने मान वर केली नाही. जनावरांचा डॉक्टर आला, बेल्त्झाला घेऊन गेला, तेव्हा कुठे ती उठली. चांगल्या हाताने मला टेबलावर ठेवलं आणि माझा बोल्ट, काडतूस आत ढकलणारी ती सरकती खिटी, मागे ओढला. बारानंतर पेयोने सवयीने आत सरकवलेलं दुसरं, न उडालेलं काडतूस टणकन बाहेर पडलं. तिने ते उचललं, तांब्याचं ते चकचकीत टोक पाहिलं, आणि पेयोच्या ताटाशेजारी उभं केलं.

"म्हातारी ही झालीय?"

पेयोने ताट बाजूला सरकवलं.

"जेव."

"भूक नाही."

"जेव म्हणते ना. आणि मग तो डबा घेऊन ये."

त्या दुपारी डबा रिकामा झाला. पेयोने स्वतःच्या हाताने एकेक काडतूस वेगळं केलं. नाक पुसत होता, मी पाहिलं. माझा राग तेवढ्याने गेला नाही.

बेल्त्झा वाचला, पण पुढचा एक पाय गेला. मित्रांनो, हातात काही धरायच्या आधी ते कशासाठी बनलंय ते विचारा. समोर काय आहे ते सगळेच बघतात. मागे कोण आहे तेही बघा. आणि चूक झालीच, तर जिला तोंड नाही तिच्यावर ती ढकलू नका.

आता पेयो आला की बेल्त्झाला हाड आणतो. बेल्त्झा शेपूट हलवतो, त्याचा हात चाटतो. पण तेरेसने मला खुंटीवरून काढलं की तो उठतो, आणि तीन पायांवर लंगडत मेंढ्यांत जाऊन उभा राहतो, माझ्याकडे पाठ करून.