अख्खा पेला

सहा गुलाब, चार कार्नेशन, दोन पिवळ्या शेवंत्या, बारीक पांढऱ्या फुलांची एक काडी, भोवतीनं पाला. मिरलांदनं सगळे देठ एका मुठीत धरले, खालून टेबलावर ठोकून सारखे केले, रबराचे दोन वेढे दिले आणि गुच्छ सरकत्या पट्ट्यावर आडवा ठेवला. मग समोर अडकवलेलं कार्ड पुन्हा वाचलं. वाचायची गरज उरली नव्हती, आकडे केव्हाच पाठ झाले होते. पण कार्ड स्पॅनिशमध्ये होतं आणि तिला ते कळत होतं, एवढ्याच कौतुकानं ती दर गुच्छामागे एकदा ते वाचत होती.

बाहेर हायलियाच्या रस्त्यांवर मे महिन्याचं ऊन रटरटत होतं. आत फुलांसाठी इतका गारठा राखलेला की बायका स्वेटरवर स्वेटर चढवून, बोटं कापलेले मोजे हातात घालून उभ्या होत्या. मातृदिन रविवारी. आज सोमवार. या आठवड्यात इथून जेवढी फुलं बाहेर पडायची, तेवढी एरवी दोन महिन्यांत पडत नसत, म्हणून सहा नव्या बायकांना एका दिवसाच्या परीक्षेवर घेतलं होतं. मुकादमीण ओदालीस हिनं सकाळी सातला, पाठीमागे हात बांधून, सगळं सांगून टाकलं होतं. तीन वाजता सहांतली एक कायमची ठेवणार. बाकीच्यांना पुढच्या हंगामाला बोलावू.

ती एक आपणच असायला हवी, हे मिरलांदनं घरातून निघतानाच ठरवलं होतं. विल्नेर, तिचा नवरा, रात्रभर विमानं धुवून सकाळी सहाला घरी यायचा. तो दारातून आत, ती दारातून बाहेर, आणि उंबऱ्यावर अकरा महिन्यांची ओरेली एका कडेवरून दुसऱ्या कडेवर. या वेळेत बसणारं काम सात महिन्यांत हे एकच सापडलं होतं. हे गेलं तर मिळेल ते रात्रीचं धरायचं आणि पोर परक्या घरी ठेवायची. आज विल्नेरनं ओरेलीला घेताना फक्त एवढंच विचारलं होतं, की तिथली भाषा कुठली.

त्या प्रश्नावरून घरात सात महिने जुंपलेली होती. विल्नेरचं म्हणणं, आपण अमेरिकेत आलोय, हवानात नाही. इंग्रजी आली की सगळीकडे चालतं. योलेट मावशी, जिच्या घरात ते राहत होते, तिनं हॉटेलच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं काढली होती. ती कांदा चिरता चिरता म्हणायची, “सगळीकडे म्हणजे कुठे रे? तू जातोस कुठे? इंग्रजी कागदाला लागते. पोटाला स्पॅनिश.” मग विल्नेर इंग्रजीचं पुस्तक मिरलांदपुढे सारायचा आणि मावशी ते उचलून त्यावर गरम पातेलं ठेवायची. शेवटी मिरलांदनं पातेल्याची बाजू घेतली. भांडी घासताना, ओरेलीला पाजताना, कपड्यांच्या घड्या घालताना मावशीनं तिच्याकडून स्पॅनिश क्रियापदं घोटून घेतली. मी देते, तू देतेस, ती देते.

पहिल्या तासातच तिच्या लक्षात आलं, की बाकीच्या पाचजणी कुणी काराकासच्या, कुणी मानाग्वाच्या. स्पॅनिश त्या आईच्या पोटातून शिकून आल्या होत्या. सात महिने खपून ती जिथे येऊन पोचली होती, तिथे त्या जन्मल्याच होत्या. तिनं हे मनातून झटकलं आणि पुढच्या सहा गुलाबांचे काटे काढायला घेतले.

साडेनऊला पट्टा थांबला. ओदालीस दारातून आली ती पांढरा, झाकण लावलेला पेला घेऊन. झाकणावर औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढ्या चिमुकल्या प्लास्टिकच्या पेल्यांची चळत. तिनं ते सगळं लांब टेबलाच्या टोकाशी, नेमकं मिरलांदपुढे ठेवलं, एक शब्द न बोलता, आणि पट्ट्याच्या पलीकडे फोनवर कुणाला तरी ट्रक कुठे अडला म्हणून झापायला गेली.

सहाजणींतून मिरलांदलाच. तिनं झाकण उघडलं. आत दाट काळी कॉफी, वर साखरेचा सोनेरी फेस. समुद्रापलीकडे जेरेमी गावात, आईच्या घरी, कॉफी भाजताना असाच वास अंगणाबाहेर जायचा. आईची शिस्त होती, मोठ्या बाईनं हातानं दिलेलं घोटभरही मागे ठेवायचं नाही, आणि कशासाठी दिलं म्हणून विचारायचं तर मुळीच नाही. पट्टा दहा मिनिटांत सुरू होणार होता. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या उभ्या, कढत कढत, सगळा रिकामा केला. पाकासारखी गोड आणि जिभेला चटका देणारी. मग त्या चिमुकल्या पेल्यांकडे पाहिलं. टेबलावर रबरं विखुरलेली होती. किती सोयीचं, असं तिला वाटलं. एका पेल्यात लाल, एकात पिवळी, एकात जाडी रबरं, असं तिनं नीट वेगळं करून ठेवलं.

मान वर केली तेव्हा तिच्याभोवती अकरा बायका उभ्या होत्या.

यामिला, शेजारी उभी राहणारी थोराड क्यूबन बाई, पेल्यात डोकावली. पेला तिनं उलटा करून पाहिला. एक थेंब टेबलावर पडला.

“पोरी,” ती अगदी हळू म्हणाली, “ती आम्हा सगळ्यांची होती गं.”

मिरलांदला वाक्य कळलं. प्रत्येक शब्द कळला. टेबलाच्या टोकाला जी उभी असेल तिनं टोपणभर टोपणभर सगळ्यांना ओतून द्यायचं, हे आत्ता तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, रबरांनी भरलेल्या पेल्यांसकट. तिनं स्पॅनिशमध्ये माफी मागितली, मग इंग्रजीत, मग घरच्या क्रेयोलमध्ये, आणि तिन्ही भाषा संपल्या तेव्हा ओदालीस येऊन पोचली होती.

“सगळी?” ओदालीसनं विचारलं.

“सगळी.”

“एकटीनं?”

“तुम्ही दिलीत, बाई.”

ओदालीसनं रबरांचे पेले बघितले. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण ती हसली नाही. “किती दिवस झाले या शहरात?”

“सात महिने.”

“आणि सात महिन्यांत तुला हे कुणी शिकवलं नाही?”

“मावशीनं क्रियापदं शिकवली,” मिरलांद म्हणाली.

यामिलाच्या पोटातून जे हसू निघालं ते सगळ्या टेबलावरून फिरून आलं. मानाग्वाची बाई डोळे पुसायला लागली. ओदालीसनं दोन बोटांनी मनगटावरच्या घड्याळावर टकटक केलं आणि पट्टा सुरू झाला. कॉफी न मिळालेल्या अकराजणी आपापल्या जागी परतल्या.

झालं, संपलं, असं मिरलांदला वाटलं. पण वाटायला फार वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात कॉफी तिच्या बोटांत उतरली.

एरवी बाराजणींच्या पोटात जाणारी कॉफी एका पोटात गेली की काय होतं, ते त्या दालनानं त्या दिवशी पाहिलं. तिचे हात तिच्या पुढे धावायला लागले. गुलाब, कार्नेशन, शेवंती, काडी, पाला, ठोक, वेढा, वेढा. ती एक गुच्छ पट्ट्यावर ठेवायची आणि दुसरा मुठीत तयार असायचा. कानांत ठोके पडत होते. थंडी पळाली, तिनं एक स्वेटर उतरवला, मग दुसरा. आणि हातांबरोबर तोंडही सुटलं. सकाळपासून जी स्पॅनिश ती एकेक शब्द तपासून बाहेर काढत होती ती आता भळाभळा वाहत होती, लिंगाची चूक, काळाची चूक, कशाची पर्वा न करता. यामिलानं विचारलं, तुमच्याकडे कॉफी कशी करतात. तर तिनं आई, भट्टी, साखर घालून भाजायची रीत, तिसऱ्या घरापर्यंत जाणारा वास, असं सगळं सांगितलं. मग ओरेलीचे चार दात. मग विल्नेरचं पुस्तक आणि मावशीचं पातेलं. त्यावर टेबलावर दोन तट पडले. मानाग्वाची म्हणाली, नवरा बरोबर बोलतो, इंग्रजीशिवाय मी इथे तीन वर्षं बहिरी आहे. यामिला म्हणाली, मी चौदा वर्षं बहिरी आहे आणि माझी तब्येत बघ.

मधेच ओदालीस मागून आली. तिनं पट्ट्यावरचा मिरलांदचा एक गुच्छ उचलला, रबर सोडलं आणि फुलं टेबलावर मांडून मोजली. सहा, चार, दोन, एक. दुसरा सोडला. सहा, चार, दोन, एक. दोन्ही तिनं स्वतःच पुन्हा बांधले.

“मूल अंगावर पितं?” तिनं गुच्छाकडे बघतच विचारलं.

“हो.”

“मग आज रात्रीपर्यंत बाटली दे. नाहीतर तीही झोपणार नाही आणि तुझा नवराही.”

दीडला दुसरा पेला आला. ओदालीसनं तो पुन्हा टेबलाच्या टोकालाच ठेवला, आणि या खेपेला फोनवर बोलायला गेली नाही. सगळ्या टेबलाचे हात संथ झाले. मिरलांदनं पेले ओळीनं मांडले. तिची बोटं कापत होती, आतली सगळी कॉफी मनगटात थरथरत होती. डाव्या हातानं उजवं मनगट धरून तिनं ओतायला सुरुवात केली. प्रत्येक टोपणात कॉफी सारखी, प्रत्येकावर फेसाचा टिपका सारखा. अकरा झाले, बारावा ओदालीसचा. थेंब सांडला नाही. तेरावा, स्वतःचा, तिनं ओळीत उलटा ठेवला.

“वा,” यामिला म्हणाली, “रबरांना नको का?”

तीन वाजता ओदालीसनं पाचजणींना एकेक करून दाराशी बोलावलं. हातात हात घेतला, फोन नंबर लिहून घेतला, पुढच्या हंगामाचं सांगितलं. काराकासची बाई जाताना मिरलांदकडे बघून हसली, त्यात राग नव्हता. मिरलांद टेबलापाशी फुलांचा कचरा गोळा करत राहिली. आपल्याला शेवटी बोलावतील आणि तेच सांगतील, कॉफीची गोष्ट सगळ्यांदेखत नको म्हणून शेवटी. तिनं टेबल दोनदा पुसलं. तो उलटा ठेवलेला पेला तिनं खिशात घातला, कशासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ओदालीस येऊन टेबलाला टेकून उभी राहिली. उभं राहून दुखणारी टाच तिनं बुटातून अर्धी बाहेर काढली.

“गुरुवारी तुझ्या देशाच्या चौघी येतायत,” ती म्हणाली. “मालकानं परस्पर ठरवलंय. एकीलाही स्पॅनिश नाही. चौघींनी माझे चार पेले संपवले तर माझ्या बायका काम टाकून घरी जातील. तेव्हा तू सांगायचंस त्यांना. उद्या सातला, याच जागी.”

मिरलांदची दिवसभर वाहणारी स्पॅनिश ऐन वेळी आटली. तिनं नुसती मान हलवली, मग पुन्हा हलवली, मग हसू आवरेना म्हणून तोंडावर हात ठेवला.

ओदालीस निघाली, दोन पावलं जाऊन थांबली. खिशातून तिनं जुन्या गुच्छाचं एक कार्ड काढलं, उलटं केलं, कोरी बाजू पुढे धरली.

“मी पण सांगायला हवं त्यांना. नेहमी तुझ्या तोंडानं बोलले तर मुकादम कोण?” मग आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघून, “तुमच्यात कसं म्हणतात ते लिहून आण. ऐकू येतं तसं लिही, मला वाचता येईल असं. एवीतेवी इंग्रजी काही मला आली नाही.”

बसथांब्यापासून घरापर्यंत मिरलांद चालली नाही, पळाली. दार उघडताच ओरेलीनं दोन्ही हात पुढे केले. तिनं पोरीला उचलून गोल फिरवलं, मुके घेतले, आणि पोर तिची छाती चाचपायला लागली तशी तिला विल्नेरच्या कडेवर देऊन बाटली गरम करायला लावली. तो झोपेतून उठून आलेला, केस विस्कटलेले. का, म्हणून त्यानं विचारलं. कॉफी, ती म्हणाली. तेवढ्यात मावशी कामावरून येऊन चपला काढत होती.

“मिळालं?” मावशीनं विचारलं.

“मिळालं.”

मावशीनं कमरेवर हात ठेवून विल्नेरकडे पाहिलं. “बघ. स्पॅनिश.”

“कुणी इंग्रजीत काही विचारलं का?” विल्नेर म्हणाला.

मिरलांदनं खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. शेजारी तो चिमुकला पेला. मग पाणीसुद्धा न पिता, उभ्या उभ्या, हात हलवत सगळं सांगितलं. मावशी खुर्चीत बसून गदागदा हसली. विल्नेर बाटली धरून तसाच उभा राहिला.

“तर मला सांगा,” मिरलांद म्हणाली, “‘हा पेला सगळ्यांचा आहे’ हे आपल्यात थोडक्यात कसं म्हणायचं? त्या बाईला गुरुवारपर्यंत पाठ करायचंय.”

विल्नेर त्यांच्या देशाच्या उत्तरेचा, काप शहराकडचा. त्यानं पटकन तीन शब्दांत सांगितलं. मावशीनं नाक मुरडलं. “असं तुमच्या उत्तरेत बोलतात. दारोगा वाटेल ती. आमच्या जेरेमीला ‘लेकींनो, वाटून घ्या’ असं म्हणतील.”

“मुकादमीण कशाला लेकींनो म्हणेल, मावशी?” विल्नेर म्हणाला.

“का नाही म्हणणार? तिनं आमच्या लेकीला अख्खा पेला दिला ना?”

“दिला नाही, हिनं प्याला.”

“आणि शब्द तरी धड उच्चार. त्या बिचाऱ्या बाईला तुझी कापकडची बोली कळायची कशी?”

ओरेली बाटली चोखत दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. मिरलांदनं कार्डाची कोरी बाजू वर केली आणि कुणाचं लिहायचं ते न ठरवता पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.