सिद्धाप्पांची हाळी

काचेवर उभा तडा, पाठीला रबरबँड. मित्रांनो, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला हा जुना मोबाईल तुमच्याशी बोलतोय. कपाटात स्वेटरखाली पडून असतो. तक्रार आहे माझी, तेवढी ऐकून घ्या.

कुमारने मला नवी पेठेतून हौसेने आणलं आणि दोन वर्षांनी वडिलांना दिलं. वडील म्हणजे सिद्धाप्पा. मेंढरांमागे जन्म गेला त्यांचा. हात थरथरू लागला तेव्हा घरच्यांना वाटलं, बिरुदेव अंगात येतोय. वर्षभर कपाळाला भंडारा लावला. मग डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन्स आहे. मेंढरं विकली आणि सिद्धाप्पा बायकोला, तानाबाईंना घेऊन मुलाकडे आले.

दर शनिवारी दुपारी माझ्यावर या आजाराच्या माणसांची ऑनलाइन बैठक भरायची. तानाबाई मला शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून ठेवायच्या. बैठक घेणाऱ्या रेश्माताई शिकवायच्या. गोळी घड्याळ बघून घ्या, पाय अडला तर आकडे मोजत टाका, रोज मोठ्याने बोलायचा सराव करा. एकदा सकाळी घरीच सराव म्हणून सिद्धाप्पांनी मेंढरांना देतात तशी हाळी दिली. काय झालं म्हणून शेजारीण दारात आली. तानाबाईंनी ती हाळी माझ्यात रेकॉर्ड केली, पण ताईंना पाठवायची कशी ते काही जमलं नाही. मला मात्र लई अभिमान वाटला.

पुढे बैठकीत एकच ऐकू यायचं, "काका, आवाज येत नाही. माईक चालू करा." अहो, माईक चालूच होता. तानाबाई बटण दाबायच्या, मला फुंकर मारायच्या. "मोबाईलच गेलाय," कुमार म्हणाला. माझं कोण ऐकतंय? नवा मोबाईल आला आणि मी कपाटात गेलो.

नव्यावरही तेच, कपाटातून ऐकायचो मी. आता म्हणे रेंज नाही. असे आठ महिने गेले. सिद्धाप्पा बोलायचं सोडून नुसती मान हलवू लागले. शेवटी रेश्माताईंनी विचारलं, "तानाबाई, घरात तरी काकांचं बोलणं ऐकू येतं का?"

तानाबाई मोबाईलजवळ सरकल्या. "न्हाय ओ ताई. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय, म्हनून मीच वरडत हुते त्यांच्यावर. मला वाटलं, रागावल्यात."

ताईंनी समजावलं, आवाज बारीक होणं हे या आजाराचंच आहे. सराव पुन्हा सुरू झाला. पण आता ओठ हलतात आणि शब्द बरणीपर्यंतही पोचत नाहीत. फार वाईट वाटतं मला.

गेल्या शनिवारी तानाबाईंनी मला बाहेर काढून चार्ज केलं आणि ती जुनी हाळी लावली. सगळी खोली भरून गेली. सिद्धाप्पा ऐकत राहिले, मग काहीतरी बोलले. या वेळी तानाबाईंनी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"कोन हाय त्यो?" असं विचारत होते ते.

"तुमीच हाय की," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, घरातल्या कुणाचा आवाज येईनासा झाला, तर मोबाईल बदलायची घाई करू नका. आधी त्या माणसाच्या जवळ जाऊन बसा. माझं काय, मी राहीन कपाटात.