जंगूचा फेटा

आमच्या नातीचं, गुंजनचं, आंजी गावात लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. मांडवात एक उपाशी, अनोळखी म्हातारा शिरला. नवरदेवाकडचा समजून आमच्या घरच्या पोरांनी त्याचं स्वागत केलं: प्रेमने त्याला पाणी दिलं, कुंदनने फेटा बांधला, चंचलने तर हात धरून थेट नवरदेवाशेजारी बसवलं. पंगतीत कळलं, तो कुणाचाच नव्हता! मी काठी उगारली.

विषाणूंचा अभ्यास करणारी नवरी खो-खो हसली. "आबा, माह्या रेट्रोव्हायरसचंबी असंच! त्याले पाय नाईत. पेशीतलीच प्रथिनं त्याले हात धरून केंद्रकात नेतात. मंग तो आपल्या जनुकांतच शिवला जाते. काऊन हाकलून राह्यले? हा आता आतला झाला!"

मीच त्याला जिलेबी वाढली. तो आमच्याकडेच राहिला.

तो म्हातारा, जंगू मडावी, गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्याच घरी वारला.