मोठ्या मापाचा चुडा

मार्तंडराव पुजाऱ्यांकडे अक्कल बख्खळ होती. पण तुळजापुरात येणाऱ्या यात्रेकरूंना वाटता वाटता घरासाठी शिल्लकच राहत नसे. बायकोला, शामलाला, आठवा लागला, सुईणीनं जुळं सांगितलं, तेव्हापासून तर स्वारी अशी छाती काढून चालायची, जणू दोन्ही बाळं तेच वागवत होते. तिचे पाय सुजले, तोंड सुजलं. हे म्हणाले, "बाळसं धरलंय."

डोहाळजेवणाच्या सकाळी हणमंतप्पा कासार हिरवा चुडा भरायला आला. नेहमीच्या मापाची बांगडी शामलाच्या मुठीवरून सरकेना.

"वैनींचा हात लई सुजलाय," कासार म्हणाला.

"सुजलाय कशाचा? खातंपितं घर हाय. मोठं माप काढा!"

साबण लावून चुडा चढला. पंगतीची तयारी चालली असताना शामलानं कपाळ दाबून धरलं. "आवं, डोकं फुटायलंय. तुमी दोन-दोन दिसायलाव."

"एक नवरा पुरंना व्हय?" मार्तंडराव स्वतःच खो खो हसले. शामला हसली नाही. त्यांच्या फालतू विनोदांना हसणारं घरात तेवढं एकच माणूस होतं. पाहुणे तसेच सोडून, एका यात्रेकरूच्या मोटारीत तिला आणि आपल्या आईला घालून त्यांनी सोलापूरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला.

"जुळं असलं की रक्तदाब चढायचा धोका जास्त. ही सूज त्याचीच. झटके आले तर आईही जाईल, बाळंही. दिवस भरले नाहीत, तरी आजच सोडवावं लागेल. सूज कधीपासून आहे?"

"लई दिवस झाले," ते पुटपुटले. देवी अक्कल वाटत होती तेव्हा आपण नारळ फोडत बसलो असू, असं त्यांना वाटलं.

चुडा मनगटात रुतला होता. नर्स तो फोडायला लागली तशा त्यांच्या आई, उमाबाई, ओरडल्या, "सवाष्णीचा चुडा फोडतेत व्हय? मार्तंडा, तुला शास्तर कळतंय न्हवं?"

"मला काईच कळत न्हाय, आई. फोडा, बाई."

दिवेलागणीला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळं इवलीशी होती, कापसात ठेवली होती. त्यांचं इतक्यात काही सांगता येत नव्हतं. आई मात्र वाचली होती. मार्तंडराव फरशीवर बसून ढसाढसा रडले.

उमाबाईंनी त्यांचा खांदा हलवला. "पोरं हायेत का पोरी?"

"शामला हाय, आई," ते म्हणाले. "बाकीचं मी इचारलंच न्हाय."