गारांच्या सालची वाईन

"काका, सांगा ना! उघडायची का रविवारी?" मालकीण शिल्पाताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

शरणप्पाच्या तोंडात घोट होता. त्याने तो गालातल्या गालात फिरवला, बादलीत थुंकला आणि पाण्याने चूळ भरली. निलंग्याजवळच्या या वायनरीचं तळघर त्याने बावीस वर्षं सांभाळलं. पण गळ्यात इष्टलिंग असलेल्या या लिंगायत माणसाने एक थेंबही घशाखाली उतरू दिला नव्हता. सोयरेधायरे टिंगल करायचे, पण त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

रविवारी त्याचा निरोपसमारंभ होता. त्या दिवशी गारांच्या सालची वाईन उघडायची, बाटल्यांवर त्याचं नाव छापायचं, असं मालकीणबाईंनी ठरवलं होतं. ती तयार आहे, एवढंच त्याने म्हणायचं होतं. आणि त्यालाही ते अगदी मनापासून म्हणावंसं वाटत होतं.

काय साल होतं ते! ऐन तोडणीत गारा पडल्या. निम्मे घड फुटले, माश्या घोंगावू लागल्या. सगळा माल फेकून द्या, असंच जो तो सांगत होता. तेव्हा त्याची बायको मल्लम्मा गल्लीतल्या बायकांना घेऊन आली, आपापल्या घरची सुपं घेऊन. तांदळातले खडे काढावेत तशी त्यांनी दोन दिवस फुटकी द्राक्षं वेचून काढली.

"तुमची दारू म्या पिणार न्हाई, पर नासू बी देणार न्हाई," असं म्हणून मल्लम्मा हसायची.

निवडलेल्या मालाचं एकच पिंप भरलं. पुढच्या वर्षी मल्लम्मा गेली. तिच्या हातचं म्हणावं असं आता एवढंच उरलं होतं. 

त्याने पुन्हा पेला नाकाशी धरला. वास पिकल्या जांभळाचा, भरलेला. जिभेवर मात्र तुरटपणा हटून बसला होता. हो म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पाहुण्यांनी वाहवाच केली असती.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "आणिक दोन वर्सं लागतील."

"अहो, तेव्हा तुम्ही नांदेडला लेकीकडे! तुम्हीच नसाल तर काय उपयोग?"

"म्या नसलो म्हणून काय झालं? बायांनी एवढं निवडून दिलं, ते कच्चंच उघडावं व्हय?"



शरणप्पाने खडू घेतला आणि त्या बाटल्यांच्या खणावरच्या पाटीवर दोन वर्षांनंतरचं साल लिहिलं. आकडे नेहमीपेक्षा मोठे काढले. आता ते दुसऱ्या कुणाला तरी वाचायचे होते.