पडायला आलेली भिंत

जिभेला हाड नसतं, आणि माझ्या तर मुळीच नाही. त्याची फळं अठरा बायकांनी भोगली.

कैरोतलं आमचं रिबात, म्हणजे निराधारांचं आसराघर, एका पुण्यवान बाईनं विधवा आणि टाकलेल्या बायकांसाठी बांधून अल्लाहच्या नावानं सोडलं होतं. अशी वास्तू कुणाला विकता येत नाही. कोपऱ्यातल्या भिंतीला बोटभर चीर होती, तिथून पाणी आंधळ्या वर्दाच्या अंथरुणावर टपकायचं. रिबातचा कारभार पाहणाऱ्या आमच्या शेखाबाई म्हणाल्या, "उम्म तरीफ, अंथरूण सरकव आणि गप बस."

गप बसेन तर मी कसली? गेले काझीकडे. शंभर मागावं तेव्हा दहा मिळतं, म्हणून ठोकून दिलं, "भिंत आज पडेल नाहीतर उद्या. गल्लीतली माणसं मरतील." कारकुनानं शब्दन् शब्द लिहून घेतला.

काझीचा गवंडी कराजा आला. त्यानं चिरेवर चुन्याचा पट्टा ओढला. भिंत हलत असेल तर पट्टा तडकतो. महिन्यानं येऊन पाहिलं, पट्टा शाबूत.

"म्हातारे, ही तुला-मला पुरून उरेल," तो हसला.

"मग चीर बुजव की. हात झिजतात का तुझे?"

चीर कुणी बुजवलीच नाही. शेजारी एका अमीराची मशीद उठत होती, तिच्या दारापुढे मोकळं अंगण हवं होतं. दानाची वास्तू माणसांच्या जिवावर उठली असेल, तरच तिच्या बदल्यात दुसरी जागा देऊन ती घेता येते. अमीराच्या माणसांना माझ्या तक्रारीचा कागद सापडला.

काझीनं मला बोलावून तो वाचून दाखवला. "हे तुझेच शब्द ना?"

"वाढवून बोलले होते, साहेब. दुरुस्ती व्हावी म्हणून."

"तेव्हा खोटं बोललीस, मग आज खरं कशावरून?"

सगळे हसले. मी कराजाकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "बाईचं तेव्हाचंच खरं आहे."

बदल्यात गावाबाहेरचा एक पडका तबेला मिळाला. बायका पांगल्या. मी आणि वर्दा कबरस्तानात एका ओसरीला राहतो.

ती भिंत पाडायला चार मजुरांना बारा दिवस लागले. वर्दा रोज हट्टानं मला तिथं न्यायला लावायची, आणि घाव ऐकून विचारायची, "पडली का गं?"

बाराव्या दिवशी कोपरा कोसळला. एका दगडावर चुन्याचा पट्टा तसाच होता, अखंड.

"पडली," मी म्हटलं.

वर्दानं चाचपून माझा हात धरला. मग हळूच म्हणाली, "अंथरूण ओलं होतं तर होतं. मी तुला कधी काही म्हटलं होतं का?"