स्थिर प्रवाहात गेलेले बूच

मित्रांनो, मी वाहून गेले. पण तसे काही झालेलेच नाही असे धरून आपण सुरुवातीपासून बघू.

मी एक जुने बूच आहे. थर्मासचे. झाडाच्या सालीतून मला कापून काढले तेव्हा झाडाला कोणी विचारले नाही. मला तर नाहीच. पुढे अनेक वर्षे मी एका सासूबाईंचा चहा गरम ठेवला. त्या म्हणत, "या घरात तोंड बंद ठेवणारं हे एकटंच." आयुष्यात मिळालेली शाबासकी ती एवढीच.

त्यांची सून शाळेत विज्ञान शिकवते. एका सकाळी तिने मला गुपचूप पर्समध्ये टाकले आणि वर्ग घेऊन शाळेमागच्या सिमेंटच्या पाटावर गेली.

"वाहतं पाणी दोन तऱ्हांनी बघता येतं," बाई म्हणाल्या. "काठावर एका जागी उभं राहून, नाहीतर पाण्याच्या एका कणासोबत जाऊन."

कण म्हणून माझी नेमणूक झाली. मी अर्ज केलेला नव्हता.

पाट रुंद होता. मी जेवण झालेल्या पाहुण्यासारखे रमतगमत निघाले.

"हा प्रवाह स्थिर आहे. कुठल्याही एका जागी वेग बदलत नाही," बाई म्हणाल्या.

पुढे पाट अरुंद झाला. तेवढेच पाणी एवढ्याशा वाटेने काढायचे, म्हणून सगळे धावू लागले. मीही.

"बाई, बूच पळालं."

"पळू दे. रुंद जागी वेग आधी होता तेवढाच आहे, अरुंद जागीही आधी होता तेवढाच. जागा बुचाने बदलली. प्रवाह स्थिरच."

"बाई, ते पाटाच्या टोकाच्या जाळीतून गेलं."

"स्थिरच," बाई म्हणाल्या, आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागल्या.

जाळीपलीकडे एक दगड आहे. त्याच्यामागे पाणी गोल फिरते आणि पाण्यासोबत मी. दुसऱ्या दिवशी सासूबाई सुनेला घेऊन आल्या. थर्मासच्या तोंडात रुमालाचा बोळा होता.

"आई, ते बघा, तिथेच फिरतंय. कुठे जात नाही."

"मग काढ."

"जाळीला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही."

सासूबाईंनी थर्मास काठावर ठेवला. "हा चहा एकाच जागी बसून गार झाला. याला स्थिर म्हणायचं का गं?"

"नाही, आई."

"एवढं कळतं ना? मग बूच आण."

मित्रांनो, घरातल्या बुचाला जपा. ते गेल्यावर बोळा लावता येतो, पण बोळ्याचे कोणी कौतुक करीत नाही.

सबब, संबंधित पाण्यास विनंती की, त्याने मागील तारखेपासून उलट दिशेने वाहावे आणि अर्जदारास चहा गार होण्यापूर्वी जागेवर पोहोचवावे. अर्जदार ओले असल्याने सही केलेली नाही.